एकसष्ट जण कुठं गेले?

मुलाखतीला गेले तेव्हा माझ्या पिशवीत पुण्याच्या क्लासची तीन प्रमाणपत्रं होती. टेबलापलीकडं कंपनीचे मालक बसले होते. त्यांच्या शेजारी कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेला, कानामागं पेन्सिल खोचलेला एक साठीचा माणूस होता. मालकांनी प्रमाणपत्रं उलटून पालटून पाहिली. त्या माणसानं पाहिलीच नाहीत. त्यानं एक छापील कागद माझ्यापुढं सरकवला. त्यावर वीस शेतकऱ्यांची नावं, गावं, वयं आणि जमिनी होत्या.

"यातलं खोटं काय हाय, सांग."

मी कागदावरून नजर फिरवली आणि खूश झाले. "हे बघा. कचरू दगडू, वय एकशे एक. हे चुकलंय."

त्यानं तिथल्या तिथं फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "कचरूबाबा हायेत का घरी?"

"हायेत की. जेवायलेत," पलीकडून एक बाई म्हणाली.

"वय किती असंल त्यांचं?"

"कुनाला ठावं बाबा. शंभर तं कवाच झाले."

फोन ठेवून तो माझ्याकडं वळला. "ते जेवायलेत. अजून बघ."

मी खूप पाहिलं. काही सापडेना. शेवटी त्यानं पेन्सिलीचं टोक शेवटच्या रकान्यावर ठेवलं. "वीस मानसं, अन् विसाच्या वीस जनांची जमीन बरोबर एक हेक्टर? कुनाची भावात वाटली, कुनाची वढ्यात गेली, कुनाची रस्त्यात. आन् इथं साऱ्यांची सारखी! दुकानदारानं चहा पिता पिता भरलंय हे."

माझं तोंड उतरलं. नोकरी गेली असं धरून मी प्रमाणपत्रं गोळा करायला लागले, तर तो मालकांना म्हणाला, "घ्या हिला. चुकली तवा भांडली न्हाई."

सारं ऑफिस त्यांना अप्पा म्हणायचं. मीही म्हणायला लागले. अप्पा मला 'माय' म्हणायचे, जसं आमच्याकडची मोठी माणसं कुठल्याही पोरीला म्हणतात. परभणीत जिंतूर रोडला आमची बियाण्यांची कंपनी आहे. सोयाबीन, तूर, कापूस. जिल्ह्यातले दुकानदार कुठल्या शेतकऱ्याला कुठलं बियाणं विकलं त्याच्या याद्या आमच्याकडं पाठवतात. त्यावरून कुठं काय खपलं, पुढच्या वर्षी कुठं काय पाठवायचं, हे काढायचं माझं काम. पण याद्या जशा येतात तशा वापरता येत नाहीत. एकच माणूस तीनदा असतो, दोन माणसं एकाच ओळीत असतात, तारखेच्या जागी फोन नंबर असतो. आधी हे सगळं नीट लावून घ्यावं लागतं. पुण्यात आम्हाला याला डेटा प्रिपरेशन म्हणायला शिकवलं होतं. अप्पा 'निवडणं' म्हणायचे.

अप्पांनी सारी नोकरी सरकारी आकडेवारी गोळा करण्यात काढली होती. निवृत्तीनंतर मालकांनी त्यांना बोलावून घेतलं. ऑफिसात त्यांची ओळख म्हणजे एक जाड वही. त्यात त्यांनी गावांच्या नावांचे अवतार जमवले होते. ताडकळसचे एकट्याचे चौदा. पालमचेसुद्धा सात, आणि पालममध्ये चुकायला जागा ती किती! वहीतलं मानाचं पान चारठाण्याचं होतं. एका दुकानदारानं घाईत '४ठाणा' असं लिहून पाठवलं होतं. अप्पा इतके खूश झाले की पुढच्या वेळी तो दुकानदार परभणीला आला तेव्हा त्याला बोलावून भजी खाऊ घातली. कॉम्प्युटरला मात्र त्या चारनं दोन दिवस बेजार केलं. त्यानं तो आकडा समजून चार पिशव्या बेरजेत धरल्या होत्या.

रिकाम्या खान्यावर अप्पांचा फार जीव. मी एकदा रिकामे खाने सरासरी टाकून भरले, तर त्यांनी मला समोर बसवलं. "रिकामं खानं खोटं बोलत न्हाई, माय. तू त्याला बोलायला लावलंस." मग त्यांनी रिकाम्या खान्यांच्या शेतकऱ्यांना एकेक करून फोन लावले. माहिती विचारायला लावलेला फोन पाऊणपाऊण तास चालायचा. पोरीचं लग्न, म्हशीचं दुखणं, नव्या घराची चौकट. शेवटी फोन ठेवल्यावर अप्पा म्हणायचे, "क्षेत्र इचारायचंच राहिलं बघ," आणि पुन्हा लावायचे.

मी रुजू झाल्यावर दुसऱ्या वर्षी मालकांनी ठरवलं की हे निवडण्याचं काम आता एखाद्या चांगल्या सॉफ्टवेअरवर टाकायचं. तीन महिने फुकट वापरून बघता येतील अशी तीन सॉफ्टवेअरं आली, आणि कुठलं घ्यावं हे सांगायचं काम आम्हा दोघांवर पडलं. अप्पांनी पहिल्याच दिवशी तिघांना नावं ठेवली. पहिलं दिसायला झकपक, रंगीत नकाशे काढणारं, एका बटणात सगळं करून देणारं. तो नवरदेव. दुसऱ्याला प्रत्येक गोष्ट हुकूम लिहून सांगावी लागायची, आणि एक स्वल्पविराम चुकला की ते लाल अक्षरात ओरडायचं. तो फौजदार. तिसरं दिसायला अगदीच साधं, पण पावलोपावली थांबून विचारायचं, ही दोन नावं एकाचीच का, हे गाव तेच का, पुढं जाऊ का. त्याचं नाव इचारू.

तिघांना तोलायला अप्पांनी दोनशे ओळींची परीक्षेची यादी तयार केली. चार दिवस ते खाली मान घालून एका बोटानं टाइप करत होते आणि मधूनच स्वतःशीच हसत होते. यादीत ते स्वतः वेगवेगळ्या स्पेलिंगांनी पाच वेळा होते. मी एकदा होते, पुरुष म्हणून. त्यांच्या शेतावरचा सर्जा नावाचा बैल 'सर्जेराव' या नावानं होता, आणि त्याचा म्हणून अप्पांनी स्वतःचा दुसरा मोबाईल नंबर दिला होता. बाकी सगळी खरी माणसं, पण अडचणीची. सारख्या नावांची, सारख्या गावांची.

नवरदेवाच्या कंपनीचा एक तरुण पुण्याहून प्रात्यक्षिक दाखवायला आला. उन्हाळ्यात कोट घालून. मालक पुढच्या खुर्चीत बसले. तरुणानं यादी आत टाकली, बटण दाबलं, आणि तीन मोजेपर्यंत पडद्यावर हिरवी खूण आली.

"दोनशे नोंदी होत्या, सर. आता एकशे एकोणचाळीस. एकदम क्लीन."

मालक टाळी वाजवायच्या बेतात होते.

"एकसष्ट जन कुठं गेले?" अप्पांनी विचारलं.

"डुप्लिकेट होते, सर. काढून टाकले."

"बघू बरं कोन कोन."

तरुणाला ती यादी शोधायला दहा मिनिटं लागली. नवरदेवाच्या पोटातून ती निघता निघेना. निघाली तेव्हा अप्पांनी पेन्सिल एका नावावर नेली. गयाबाई ज्ञानोबा, पालम तालुक्यातल्या एका गावची. यादीत त्या दोनदा होत्या, आता एकदाच उरल्या होत्या. अप्पांनी खिशातून फोन काढला, लावला आणि टेबलावर ठेवला.

"हॅलो, गयाबाई ज्ञानोबा?"

"कोंची पायजे?" पलीकडून खणखणीत आवाज आला. "मोठी का धाकटी?"

मालक खुर्चीत सावरून बसले. अप्पांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "तुमी दोघी हाव का?"

"हाव की. ती वरच्या आळीतली, मी खालच्या. तिचा ज्ञानोबा येगळा, माझा येगळा. कामून? काय वाटायलेत का?"

तरुणानं घाम पुसला. "सर, ही एज केस आहे, क्वचित येणारी."

"न्हाई बाबा," अप्पा म्हणाले, "ही गयाबाई हाय."

"कोन हो? कोन आलंय तितं?" फोनमधून गयाबाई विचारत राहिल्या. अप्पांनी त्यांना पुण्याच्या पाहुण्याची ओळख करून दिली, आणि त्या तरुणाला त्यांच्याशी दोन शब्द बोलावे लागले.

मग अप्पांनी मालकांना अहवाल दिला. चार पानं, हातानं आखलेला तक्ता. रकाने असे होते. विचारतं का. केलेलं परत फिरवता येतं का. काय केलं ते न मागता सांगतं का. मराठी वाचता येतं का. कामाला दमानं घेतं का. आणि शेवटचा रकाना, मालकाला आवडंल का. फौजदाराला तिसऱ्यात आणि दुसऱ्यात पैकीच्या पैकी होते, पण खाली शेरा होता, 'मी आणि माय दोघंही आजारी पडलो तर ऑफिसात याच्याशी बोलणारं कुणी नाही.' इचारू जवळजवळ सगळ्यांत पुढं होतं. नवरदेवाला पैकीच्या पैकी एकाच रकान्यात होते, शेवटच्या.

मालकांनी अहवाल वाचला, मोठ्यानं हसले आणि नवरदेव घेतला. "अप्पा, दोनशेत एखादी गयाबाई चुकणारच. नकाशा बघा की कसा हाय!" अप्पांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा मागवला.

पण नवरदेव बसवताना त्या तरुणाकडून आमची परीक्षेची यादीही खऱ्या यादीत गेली. महिन्याभरानं अप्पांच्या दुसऱ्या मोबाईलवर कंपनीचा संदेश आला. 'प्रिय सर्जेराव, आपण आमचे मानाचे शेतकरी आहात. मेळाव्यास सहकुटुंब यावे.' मी म्हणाले, मालकांना सांगू या. अप्पा म्हणाले, "नगं. बोलावणं आलंय तं मान ठिवला पायजे." मेळाव्यात पहिल्या रांगेत सर्जेरावांच्या नावाची चिठ्ठी लावलेली खुर्ची रिकामी होती. सत्काराला नाव पुकारलं. कुणी उठेना. मालक व्यासपीठावरून म्हणाले, "सर्जेराव आले नाहीत का?"

अप्पा मागून उभे राहिले. "आले आस्ते मालक. पर या दारातून त्यांची शिंगं मावत न्हाईत."

मालकांना दोन दिवस लागले हसायला. पहिले दोन दिवस ते अप्पांशी बोललेच नाहीत.

खरी गंमत संपली ती मृगाच्या तोंडावर. सोयाबीनच्या एका लॉटची कंपनीनं पुन्हा तपासणी केली, तेव्हा कळलं की त्यातलं बियाणं निम्मंही उगवत नाही. गोदामात पत्र्याखाली तापलं होतं. माल तर दुकानांतून विकला गेलेला. दोन-तीन दिवसांत पेरण्या सुरू होणार. ज्यांनी पेरलं त्यांचा सगळा हंगाम जाणार. मालकांचा चेहरा पांढरा पडला, पण त्यांनी ताबडतोब सांगितलं, ज्यांनी ज्यांनी नेलं त्या प्रत्येकाला थांबवा, नवी पिशवी घरपोच द्या. नवरदेवानं क्षणात यादी दिली. तीनशे बारा माणसं. सगळं ऑफिस फोनवर बसलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांना निरोप गेले. मालकांनी सुटकेचा श्वास सोडला.

अप्पा माझ्या टेबलाशी आले. "माय, इचारूचे फुकटचे दिवस सपले का?"

"उद्याचा एक राहिलाय."

"मंग दुकानांच्या मूळ याद्या घाल त्याच्यात. जशा आल्या तशा."

इचारूनं एकशे चार प्रश्न विचारले. मी वाचायची, अप्पा उत्तर द्यायचे. हे दोघं एकच का? न्हाई, चुलते हायेत. हे गाव तेच का? व्हय, तेच. कुठं खात्री नसली की फोन. अर्ध्याच्या पुढं गेल्यावर एक प्रश्न आला. 'या सहा ओळींत मोबाईल नंबर एकच आहे. एकच व्यक्ती समजू का?' अप्पांनी नंबर पाहिला आणि कपाळाला हात लावला. तो ताडकळसच्या दुकानदाराचा स्वतःचा नंबर होता. ज्यांच्याकडं फोन नव्हता, त्यांच्या नावापुढं त्यानं स्वतःचा टाकला होता. एक नंबर दिसला की नवरदेव जवळची नावं गप्प एक करून टाकत होता.

त्या एका दुकानाच्या यादीतनं आणि बाकीच्या खोड्यांतनं मिळून एकोणीस माणसं नवी निघाली. मालक स्वतः फोनवर बसले. अठरा जणांचा माग दुकानदारांकडून, सरपंचांकडून लागला. एक राहिली. कौसाबाई. दुकानदार म्हणाला, "ती फाट्याच्या पल्याड आखाड्यावर ऱ्हाती, शेतातच. फोन न्हाई. तिच्याकडं आज पेरणी हाय म्हनत होती."

अप्पांनी टोपी घातली. "चल माय."

एसटीनं ताडकळस गाठलं. बाजाराचा दिवस होता, तोबा गर्दी. दुकानदारानं ओळखीच्या माणसाची मोटारसायकल दिली, ती अप्पांनी चालवली, आणि मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही. काळ्या रानातनं वाट संपली तिथं आखाडा होता. पत्र्याचं छप्पर, बाहेर ट्रॅक्टरला पेरणीयंत्र जोडलेलं. यंत्रात बी भरलेलं दिसलं.

"थांबा! थांबा!" अप्पा गाडीवरूनच ओरडले. "कौसाबाई कोन?"

साठीची, काटक, हिरव्या लुगड्यातली एक बाई छपरातनं बाहेर आली. "मीच. काय झालं?"

अप्पांनी धापा टाकत सगळं सांगितलं. लॉट खराब आहे, पेरू नका, नवी पिशवी येतेय. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते तुमचं बी व्हय? ते पडलंय तितं कोपऱ्यात. पेरायलेय ते घरचं हाय."

"का बरं?"

तिनं आत नेऊन एक ओलं गोणपाट उलगडलं. आत ओळीनं दाणे लावलेले होते, दहा-दहाच्या दहा ओळी. काहींना कोंब, बरेच तसेच. "शंभर मोजून लावले. पाच दिस ठिवले. चाळीस बी उगावले न्हाईत. दुसऱ्यांदा लावले, पुन्हा तेच. मंग म्हनलं, फुडच्या बाजारी दुकानदाराच्या तोंडावर टाकावं." तिनं आम्हा दोघांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमच्या कंपनीत मोजायला कुनी न्हाई का?"

अप्पा माझ्याकडं वळले. "माय, तुझी न् माझी नोकरी हिला देऊन टाकावी."

त्यांना हसू आवरेना. कौसाबाईंना पाहुणे हसताहेत म्हणून राग आला, मग कारण कळल्यावर त्याही हसल्या आणि चहाला बसवलं. अप्पांनी गोणपाटाची रीत दोनदा विचारून घेतली आणि वहीत लिहिली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नवरदेवावर नकाशे काढायचं काम राहू दे, निवडायला इचारू घ्या, असं ते म्हणाले. कौसाबाईंना एक पिशवी चांगलं बियाणं आणि मालकांचं स्वतःच्या हातानं लिहिलेलं पत्र गेलं. गेल्या वर्षी अप्पांनी काम सोडलं. आता ते चारठाण्याला शेतावरच असतात. प्रश्न विचारायला मीच तिथं फोन लावते आणि पाऊण तास बोलून, जे विचारायचं ते विसरूनच फोन ठेवते.

पण कौसाबाईंकडं गेलो त्या दिवशीची एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. परतीच्या गाडीची वाट पाहत आम्ही ताडकळसच्या थांब्यावर बसलो होतो. बाजार उठत होता. मी अप्पांना विचारलं, तुम्ही असे का, एकेका माणसामागं इतकं का लागता. मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा करतील.

"मी बी एकदा नवरदेवच होतो माय," ते म्हणाले. "नव्या नोकरीत. एका गावात फुकट बी वाटायचं होतं. यादी मी निवडली. एका नावाच्या दोन बाया होत्या, मी एक केली. वाटपाच्या दिवशी सकाळी एक आली, पिशवी घेऊन गेली. दुपारी दुसरी आली. मी म्हनलं, तुमी सकाळीच नेली की. ती म्हनली, मी न्हाई. मी साऱ्या रांगेपुढं तिला खोटी म्हनलो. ती रिकाम्या हातानं गेली."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी मला कळलं. पिशवी घेऊन तिच्या दारात गेलो. तिनं हात लावला न्हाई. म्हनली, साहेब, रांगेत मला खोटी म्हनलात, रांगेतच खरी म्हना."

"तुम्ही म्हणालात?"

"म्हननार न्हाई तं काय. फुडच्या वाटपाला सारं गाव जमलं तवा स्टुलावर चढलो अन् वरडून सांगितलं, ही बाई खरी, मी चुकलो. लोक पोट धरून हसले. वरच्या साहेबानं नोटीस काढली, सरकारी मानसानं असं कबूल करू नये म्हनून."

"आणि ती?"

अप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तिनं पिशवी डोक्यावर घेतली. स्टूल हालायलं होतं. माझ्याकडं बघून म्हनली, उतरा आता, पडताल."